तलाव कोणाचा आणि वास कशाचा: नागपूरकरांसाठी मांगूर-शिंगाळ्याच्या गरीचे गणित

मांगूर माशावर बंदी आहे असे वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते, आणि त्याच आठवड्यात मासळीबाजारात पाण्याच्या टबात जिवंत मांगूर वळवळताना दिसतो. एका तलावाच्या काठावर एखादा मुलगा बांबूच्या काठीला तंगूस बांधून दिवसभर निवांत बसलेला असतो, तर दुसऱ्या तलावावर गळ टाकून पाच मिनिटे होत नाहीत तोच कोणीतरी येऊन हटकतो. गळाने मांगूर-शिंगाळ्यासारखे कॅटफिश धरण्याच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाचा यात गोंधळ उडतो. त्याचे प्रश्न तसे दोनच असतात: कुठे बसायचे आणि गळाला काय लावायचे. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कारण चारा दुकानात मिळतो आणि तलाव शोधावा लागतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. तलाव नीट निवडला की त्यात कोणता मासा असणार हे कळते, आणि मासा कळला की चारा जवळजवळ आपोआप ठरतो.

कॅटफिश म्हणजे नेमका कोण?

कॅटफिश हे एका माशाचे नाव नाही. अंगावर खवले नसलेल्या आणि तोंडाभोवती लांब मिशा असलेल्या माशांच्या मोठ्या कुळाला इंग्रजीतून आलेले हे नाव आहे. आपल्याकडे या कुळातले मांगूर, शिंगी, टेंगरा, शिंगाळा आणि पढीण हे मासे गळाला लागतात. नावांवर फार विसंबू नये, कारण एकाच माशाला रामटेककडे एक नाव असते, पवनीकडे दुसरे आणि शहरातल्या बाजारात हिंदी वळणाचे तिसरे. मिशा आणि गुळगुळीत अंग ही खूण मात्र सगळीकडे सारखीच असते.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने यातला खरा फरक श्वासाचा आहे. मांगूर आणि शिंगी यांना कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायू थेट घेण्यासाठी जादा अवयव असतात. त्यामुळे गाळाने भरलेल्या, वनस्पतींनी गच्च झालेल्या, उन्हाळ्यात आटून गढूळ झालेल्या डबक्यातही ते तग धरतात आणि थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेऊन जातात. शिंगाळा आणि पढीण यांना ही सोय नाही. त्यांना प्राणवायू असलेले मोकळे, मोठे पाणी लागते, म्हणजे नदी, धरण किंवा खोल तलाव. गावाकाठच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पढीण शोधणे आणि भर धरणाच्या मध्यात मांगूर शोधणे, दोन्ही सारखेच वेळखाऊ आहे.

मग बंदी कशावर आहे?

बंदी आहे ती ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या संवर्धनावर, म्हणजे तो तळ्यात पाळण्यावर आणि वाढवून विकण्यावर. भारतात ही बंदी २००० सालापासूनची आहे. नावात थाई असले तरी हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तो प्रचंड खादाड आहे, झपाट्याने वाढतो आणि ज्या पाण्यात शिरतो तिथले देशी मासे फस्त करतो. आपला देशी मांगूर त्याचा भाऊबंद आहे आणि तो मुळीच बंदीत येत नाही.

दोघांतला फरक ओळखायचा तर डोके वरून पाहावे. कवटीचे हाड मानेकडे जिथे संपते, तिथे देशी मांगराला एकच टोक असते, तर थाई मांगराला इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी दुहेरी वळणाची कड असते. आकारानेही अंदाज येतो. देशी मांगूर सहसा काही शे ग्रॅमचा असतो. अंगावर राखाडी-काळे ढगाळ डाग असलेला आणि कित्येक किलो भरणारा मांगूर हाती आला, तर तो परदेशीच समजावा. असा मासा ‘जीव वाचवला’ म्हणून दुसऱ्या तलावात सोडणे हे पुण्य नव्हे, त्या तलावावर सोडलेले संकट आहे.

पाणी सरकारी, मग मासा कोणाचा?

हा मुद्दा नीट समजून घेतला नाही तर बाकी सारे ज्ञान वाया जाते, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

रस्त्याकडेचे आंब्याचे झाड डोळ्यासमोर आणा. झाड सरकारी जागेत आहे, सावली सगळ्यांची आहे, पण त्या वर्षीच्या आंब्यांचा लिलाव झालेला आहे. तुम्ही सावलीत बसू शकता, आंबे पाडू शकत नाही. आपल्या भागातल्या बहुतेक धरणांचे आणि तलावांचे असेच आहे. पाण्याची मालकी पाटबंधारे खात्याकडे, जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असते, आणि त्यातली मासेमारी ठेक्याने बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेली असते. संस्थेचे सभासद, म्हणजे पूर्व विदर्भात मुख्यतः ढीवर आणि भोई समाजातली माणसे, दरवर्षी पैसे घालून रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, त्या पाण्यात सोडतात आणि ती मोठी होईपर्यंत राखण करतात. काठावर येऊन हटकणारा माणूस तुमचा वैरी नसतो. तो आपल्या पिकाची राखण करणारा असतो.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातल्या जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात, त्यामागे हीच मालकीची कथा आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधणाऱ्यांना जमिनीचे हक्क मिळत, आणि कोहळी समाजाने या कामात मोठे नाव कमावले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे राहिले. आपण तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होतो, आणि त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. गावाचा तलाव गावाचाच राहिला असे गावाला वाटते, कागद मात्र निराळे सांगतो, आणि कोणाला विचारावे हे नवख्याला कळत नाही ते यामुळेच. व्यवहारात उत्तर सोपे आहे. गावात पोहोचल्यावर पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे, न जाता आधी ग्रामपंचायतीत किंवा चौकातल्या टपरीवर ‘तलाव कोणत्या संस्थेकडे आहे’ एवढे विचारावे आणि त्यांच्या माणसाला भेटावे. एका काठीने हौस भागवायला आलेल्या, दोन शब्द गोड बोलणाऱ्या माणसाला बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते. कुठे थोडे पैसे घेतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटले तर परत फिरावे.

यावर एक हुशार आक्षेप नेहमी येतो: संस्थेने तर रोहू-कटला सोडले, शिंगाळा कोणी सोडलेला नाही, तो नदीतून आपोआप आलेला आहे, मग त्याच्यावर संस्थेचा हक्क कसा? उलट तो त्यांची बोटुकली खातो, म्हणजे त्याला पकडून आपण उपकारच करतो. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण ठेका असतो तो त्या पाण्यातल्या मासेमारीचा, केवळ सोडलेल्या माशांचा नाही. शिवाय बाजारात शिंगाळ्याला चांगला भाव मिळतो, त्यामुळे असले उपकार कोणी मागितलेले नसतात.

जंगलाला लागून असलेल्या पाण्याचा नियम याहून कडक आहे. पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय व्याघ्रप्रकल्पाच्या आत येतो. तिथे गळ टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि ‘मी तर फक्त काठावर होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. बोर धरणालाही व्याघ्रप्रकल्प लागून आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या पाण्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या शेजारी येतो, म्हणून तिथे आपण नेमक्या कोणत्या काठावर उभे आहोत हे आधी पाहावे.

नकाशावरचा निळा ठिपका कसा वाचावा?

नागपूरच्या आसपास पाण्याला तोटा नाही. रामटेकजवळचा ब्रिटिश काळातला खिंडसी, पारशिवनीकडचे नवेगाव खैरी धरण, वडगाव धरण, उमरेडजवळचा मकरधोकडा, हिंगण्याकडचा झिल्पी, आणि शिवाय कन्हान नदीचे डोह, ही नावे या नादातल्या कोणाकडूनही ऐकायला मिळतील. त्यांच्या पलीकडे असंख्य निनावी तलाव आहेत आणि ते शोधायला मोबाइलमधला उपग्रह-नकाशा पुरतो.

नकाशा उघडल्यावर आधी सरळ रेघ शोधावी. निसर्ग सरळ रेघ काढत नाही. पाण्याच्या एका बाजूला जी सरळ किंवा किंचित कमानदार कड दिसते, ती माणसाने घातलेली पाळ असते. पाळीलगत पाणी सर्वांत खोल असते आणि पाण्याचे शेपूट जिकडे नाल्यासारखे निमुळते होत जाते, तिकडे ते उथळ असते. थाळी एका बाजूने उचलून धरली की वरण जसे एका कडेला जमते, तसाच हा उतार असतो. पाळीत शेताला पाणी सोडण्याचे जे दार असते, ज्याला जुन्या तलावांवर तुडूम म्हणतात, त्याच्यासमोर आणि सांडव्याच्या तोंडाशी पाणी हलते राहते. नाला आत येतो तिथेही ते हलते. अशी हलत्या पाण्याची ठिकाणे नकाशावर बोटाने आधीच हेरून ठेवावीत; त्यांचे काम पुढे आहे.

नकाशाने न कळणारी गोष्ट म्हणजे ऋतू. जो तलाव ऑक्टोबरात तुडुंब भरलेला असतो तो मे महिन्यात चिखलाचे मैदान झालेला असू शकतो, आणि उपग्रहाचे चित्र कोणत्या महिन्यातले आहे हे बघायचे आपण विसरतो. मी स्वतः एकदा असाच चाळीस किलोमीटर दुचाकी मारून म्हशी डुंबण्याइतक्या पाण्याच्या काठावर उभा राहिलो आहे. उन्हाळ्याची आणखी एक खोच आहे. पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड राहते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळचा प्राणवायू वापरला जातो आणि नवा पोहोचत नाही, दारे-खिडक्या लावून दहा माणसे झोपलेल्या खोलीसारखे होते. ‘मोठा मासा खोलात’ म्हणून मे महिन्यात पाळीखालच्या सर्वांत खोल जागी गळ सोडणारा माणूस बहुधा रिकाम्या खोलीचे दार ठोठावत असतो. त्या दिवसांत मध्यम खोली गाठावी आणि वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत उलट होते: पाणी गार, माशाची भूक मंद, आणि उन्हाने काठ थोडे तापल्यावर दुपारीच काय तो हालचालीला वाव.

अंगभर जीभ असलेला प्राणी

आता चाऱ्याकडे वळू. कॅटफिशचे डोळे बारीक असतात आणि गढूळ पाण्यात, तेही रात्री, डोळ्यांचा उपयोग थोडाच असतो. त्याऐवजी त्याला चव आणि वास यांची असामान्य देणगी मिळालेली आहे. चव ओळखणाऱ्या बारीक पेशीसमूहांना स्वादकलिका म्हणतात. माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात. अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशवर याबाबत पुष्कळ अभ्यास झालेला आहे, आणि त्याच्या अंगावर लाखाहून अधिक स्वादकलिका आढळतात. त्या केवळ तोंडात नसून मिशांवर सर्वांत दाट आणि उरलेल्या कातडीवर, अगदी शेपटीपर्यंत पसरलेल्या असतात. म्हणजे हा मासा पाण्यात पोहत नाही, तो पाणी चाखत पुढे सरकतो.

तो चाखतो काय? मुख्यतः अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्या कणांची बनतात ते कण. मांस, रक्त, गांडूळ, कोळंबी यांतून ते पाण्यात झिरपत राहतात. इथे ‘पाण्यात विरघळणे’ ही अट फार महत्त्वाची आहे. सावजी रश्शाची वाटी समोर घ्या. तर्री वर तरंगते, मीठ मात्र तळापर्यंत गेलेले असते. तेलात मुरणारा सुगंध तर्रीसारखा वर निघून जातो. पाण्यात विरघळणारा वास मिठासारखा सगळीकडे पोहोचतो. मासा तळाशी आहे. त्याच्यापर्यंत पोहोचते ते मीठ. दुकानात बाटलीतून मिळणारी अत्तरे आणि वेलचीचे तेल कणकेत कालवणाऱ्यांना मी म्हणूनच फारसा मान देत नाही, जरी त्यांच्यातले काही जण माझ्याहून जास्त मासे घरी नेतात.

पण वास सुटला तरी तो माशाकडे गेला पाहिजे, आणि याचा धडा मला एका ढीवर काकांनी भिवापूरकडच्या एका तलावावर दिला. मी कोंबडीची कलेजी आणली होती. गळाला टोचून मोठ्या दिमाखात काठी फिरवली, तर गळ डावीकडे पडला आणि कलेजी सुटून उजवीकडे, कमळाच्या पानावर. दुसऱ्यांदाही तेच झाले. काका थोडा वेळ बघत राहिले, मग उठून आले. “काहून जी, वारा इकडून येऊन राह्यला, अन् तुमी वाऱ्याच्या मांगं बसता? वारा ज्या काठाले लागते, त्या काठाले बसा.” एवढे बोलून त्यांनी शेजारच्या पोत्याचा एक धागा उसवला, कलेजीचा तुकडा गळावर घडी घालून ठेवला आणि धाग्याचे पाच-सहा वेढे देऊन टोक दातांनी तोडले. तो तुकडा त्यानंतर अर्धा तास पाण्यात होता तरी सुटला नाही.

वाऱ्याचे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. वारा वरचे पाणी ढकलत समोरच्या काठाला नेतो, त्याबरोबर किडे आणि कचराही नेतो, म्हणून माशांचे खाणे त्या काठाला साचते. तिथे जमलेले पाणी खाली दबून तळातून उलट दिशेने परत फिरते. तुमचा चारा त्या काठाजवळ तळावर असेल, तर हा परतीचा प्रवाह त्याचा वास तळातळाने तलावभर घेऊन जातो. गल्लीच्या तोंडाशी तर्री-पोह्याची गाडी लागली की वाऱ्याच्या दिशेच्या घरांना आधी कळते आणि मागच्या घरांना कळतच नाही, तसेच हे आहे. नाल्याचे तोंड आणि तुडुमासमोरची जागा नकाशावर हेरून ठेवायला सांगितली, तीही यासाठीच.

मग कुठे काय लावावे?

गावतलावात, जिथे मांगूर, शिंगी आणि टेंगरा यांची वस्ती आहे, तिथे गांडुळाला तोड नाही. पावसाच्या पाण्याबरोबर गांडूळ वाहून तलावात येतच असतात, त्यामुळे माशाला त्यांची ओळख असते. गांडूळ एकाच ठिकाणी न टोचता मोजा घालावा तसा गळावर चढवावा आणि शेपटाकडचा थोडा भाग मोकळा वळवळता सोडावा. जिथे हवेचा घोट घ्यायला येणारे मासे वर ‘बुडुक’ करून बुडबुडे सोडताना दिसतील, त्याच्या आसपास गळ ठेवावा. मांगराने स्वतःचा पत्ता सांगण्याची ही एकमेव सवय आहे.

धरणातला शिंगाळा आणि पढीण हे शिकारी मासे आहेत. त्यांना गांडूळ म्हणजे चण्या-फुटाण्याचा घास. तिथे त्याच पाण्यातल्या लहान माशाचा तुकडा चांगला, आणि आपल्याकडे असा सहज मिळणारा मासा म्हणजे चिलापी (तिलापिया). तुकडा ताजा कापलेला असावा, कारण अमिनो आम्ले रक्तात आणि रसात असतात आणि बर्फातल्या जुन्या तुकड्यातून ती आधीच धुऊन गेलेली असतात. कुजका चाराच कॅटफिशला आवडतो ही समजूत अमेरिकेतून व्हिडिओमधून इकडे आली आहे. तिकडच्या काही जातींपुरती ती ठीक असेल, पण पढिणासारख्या शिकाऱ्यासाठी मी ती कधीच खरी झालेली पाहिली नाही. कोळंबी, जिला इकडे झिंगे म्हणतात, ती दोन्ही पाण्यांत चालते आणि कोणता मासा आहे याचा पत्ता नसलेल्या पहिल्या दिवशी तीच न्यावी.

एक अपवाद लक्षात ठेवावा. घाटावर लोक रोज मुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकतात अशा ठिकाणी मासे त्या खाण्याला सरावलेले असतात, आणि टेंगऱ्यासारखा लहान मासा तिथे कणकेलाही येतो. कणकेत थोडी शेंगदाण्याची ढेप मिसळली तर गोळा घट्टही होतो आणि वासही सुटतो. पण याच कणकेवर रोहू आणि मृगळ तुटून पडतात, आणि परवानगी देणाऱ्या संस्थेच्या डोळ्यांदेखत तिचेच सोडलेले मासे काढणे शोभत नाही.

काठीबद्दल फार लिहीत नाही. शिसे दोरीवर सरकते ठेवावे, म्हणजे मासा चारा ओढताना त्याला वजन जाणवत नाही. आणि काठावर धपधप चालू नये. कॅटफिशच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने थेट कानाला जोडलेली असते, त्यामुळे हा मासा पाण्यातला नगाराच आहे. तुमची पावले तो तुमच्याआधी ऐकतो.

‘पण आमच्याकडे तर ढेप टाकली की मासे वर येतात’

येतात, आणि मरतातही. ही ढेप मोहाच्या बियांची असते. तिच्यात सॅपोनिन नावाचे, साबणासारखा फेस करणारे द्रव्य असते आणि ते माशांना विषारी आहे. मत्स्यतळी भरण्याआधी त्यातले नको असलेले मासे मारायला हीच ढेप वापरतात, यावरून तिची ताकद कळावी. चारा म्हणून शेंगदाण्याची किंवा सरकीची ढेप वेगळी आणि ही वेगळी. पोत्यावरून कळत नसेल तर घेऊ नये. पाण्यात विष टाकून किंवा स्फोटक उडवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. ‘मजा म्हणून एकदाच’ हे कारण तिथे ऐकले जात नाही.

बेडकाबद्दलही विचारले जाते, कारण पढीण बेडकावर झडप घालतो हे खरे आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात शेतात ओरडणारा मोठा पिवळा बैलबेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि लहान बेडूक कोणत्या जातीचा हे ओळखणे आपल्या आवाक्यात नाही. झिंगे स्वस्त आहेत, तेव्हा बेडकाच्या वाटेला जाऊच नये. जिवंत चिलापी डब्यातून एका तलावातून दुसऱ्या तलावात नेणेही टाळावे. हा मासा भारतात १९५२ साली बाहेरून आणला गेला आणि आज तो नको तिथेही आहे, तो असल्याच बादल्यांमधून.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, मृगाच्या सरींनंतर नाल्यांच्या तोंडाशी मासे अक्षरशः गर्दी करतात आणि गळाला भराभर लागतात. ती गर्दी अंडी घालायला चाललेल्या माशांची असते. पोट फुगलेली मादी हाती आली तर ओल्या हाताने गळ काढून तिला तिथेच सोडावे. कोरड्या हाताने धरल्यास खवले नसलेल्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत बुरशी धरते.

शहरातल्या तलावांचे काय?

अंबाझरी १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. आज त्यात सांडपाणी आणि औद्योगिक वसाहतीकडचे पाणी उतरते, जलपर्णी पसरते, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत तो भरून वाहिल्यानंतर काठच्या वस्त्यांत काय झाले हे नागपूरकरांना सांगायला नको. अशा पाण्यात मांगूर जगतो, नव्हे वाढतो, कारण त्याला हवेचा आधार आहे. पण मासा जिवंत आहे याचा अर्थ तो खाण्यालायक आहे असा होत नाही. तळाचा गाळ उपसून खाणाऱ्या माशाच्या अंगात त्या गाळातले जड धातूही जमा होत जातात आणि ते शिजवल्याने जात नाहीत. गांधीसागर, नाईक तलाव, सक्करदरा यांच्याबद्दलही मी हेच म्हणेन. गोरेवाड्याचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते आणि शेजारी प्राणिसंग्रहालय व वनक्षेत्र आहे, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवू देऊ नये. घरच्या कढईसाठी मासा हवा असेल तर शहराबाहेरचे पाणी गाठावे.

काटा लागला तर?

शिंगीच्या छातीच्या परांना जोडून दोन टोकदार काटे असतात आणि त्यांत विष असते. मांगूर, टेंगरा आणि शिंगाळा यांचे काटेही चांगलेच झोंबतात. गळ काढताना मासा मुठीत न धरता ओल्या फडक्यात गुंडाळावा आणि पक्कडीने गळ सोडवावा. काटा लागलाच तर बर्फ शोधत बसू नये. हे विष उष्णतेने निकामी होते. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की ठणका उतरतो. गरम पाण्याचा अंदाज दुसऱ्या, बरा असलेल्या हाताने घ्यावा, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मी पिशवीत गळांच्या डबीशेजारी चहाचा थर्मास ठेवतो, आणि त्यात चहा नसतो.